तीन डोस झाले, तरी रोटा झालाच. मग लसीचा उपयोग काय?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा दहा महिन्यांचा. सरकारी केंद्रात रोटाच्या, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या लशीचे तिन्ही डोस वेळेवर झाले. तरी मागच्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, मग पाण्यासारखे जुलाब, दोन दिवस सलाईन, आणि शीच्या तपासणीत रोटाव्हायरस निघाला. सासूबाई म्हणतात, फुकटची लस, तिचा काय गुण येणार. घरात पाणी फिल्टरचं, तरी हे झालं कसं? दूध बंद करायचं का? आणि याच घरात जाऊबाईंची मुलगी सहा आठवड्यांची झाली आहे, तिला हा डोस द्यायचा की पैसे भरून खासगीतला द्यायचा?

ताई, बाळ आता खेळतंय आणि खातंय असं तुम्ही शेवटी लिहिलंत, त्यामुळे निवांत उत्तर देता येतंय. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या गावी पंचवीसहून जास्त हिवाळे काढले आहेत. हिवाळे अशासाठी म्हणतो की आपल्याकडे रोटा थंडीतला आजार आहे. पावसाळ्यातले जुलाब वेगळे. त्यात दूषित पाणी, माशा, जंतू यांचा हात मोठा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र दोन वर्षांच्या आतलं बाळ आधी उलट्या, थोडा ताप आणि दुसऱ्या दिवसापासून आंबट वासाची धो-धो पातळ शी घेऊन आलं, की तपासणीआधीच माझ्या मनात रोटा येतो.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ. लस फुकट मिळते हे खरं, पण ती स्वस्तातली आहे म्हणून कमी पडते हे खरं नाही. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की तिथल्या नवजात बाळांच्या शीमध्ये रोटाव्हायरस आहे, पण बाळांना काहीच झालेलं नाही. ना उलटी, ना जुलाब. आणि हीच बाळं पुढे रोटाच्या जोरदार आजारापासून बऱ्यापैकी बचावत होती. म्हणजे निसर्गानेच सौम्य केलेला विषाणू त्यांना आयता मिळाला होता. त्या विषाणूला ११६ई असं नाव पडलं. त्यापासून हैदराबादच्या भारत बायोटेकने रोटाव्हॅक बनवली, आणि डोसची किंमत एक डॉलरच्या आसपास ठेवायची हे आधीच ठरलं होतं. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू भागात मिळून ६,७९९ बाळांवर तिची मोठी चाचणी झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही दुसरी. या दोन्ही लशींना २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, मिळाली. सरकारी कार्यक्रमात रोटाची लस २०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, ओडिशा आणि आंध्रात आली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात. त्याआधीची आमच्या गावातली बहुतेक बाळं या लशीविना वाढली, कारण खासगीतले डोस परवडणारी घरं मोजकीच होती.

आता खरा मुद्दा. दिल्ली-पुणे-वेल्लोरच्या त्या चाचणीत रोटाव्हॅकने रोटाचा जोरदार आजार साधारण ५५ टक्के टाळला. निम्म्याहून थोडा जास्त. मग महागडी परदेशी लस घेतली असती तर? परदेशी लशी युरोप-अमेरिकेत ८५ ते ९८ टक्क्यांपर्यंत काम करतात. पण त्यातलीच एक, तोंडावाटे तीन डोसांची, बांगलादेश आणि व्हिएतनाममध्ये तपासली तेव्हा आकडा आला ४८ टक्के. घाना, केनिया आणि माली या तिन्ही देशांत मिळून ३९ टक्के. कुपी तीच, कंपनी तीच. बदललं ते बाळ आणि त्याच्या भोवतीचं जग. त्यामुळे पैसे भरून दुसरी लस दिली असती तर तुमचा मुलगा नक्की वाचला असता, असं मी सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे आकडे मागा.

असं का होतं याचं सगळ्यात सुंदर उत्तर वेल्लोरमध्ये मिळालं. आधी मेक्सिकोत दोनशे मुलांना जन्मापासून पाहिलं गेलं होतं. तिथे दोनदा रोटाची लागण होऊन गेलेल्या एकाही मुलाला पुढे मध्यम किंवा तीव्र आजार झाला नाही. वेल्लोरच्या वस्त्यांमध्ये डॉ. गगनदीप कांग यांच्या गटाने ३७३ मुलांचा तीन वर्षं असाच पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. इथे निम्म्याहून जास्त बाळांना सहा महिन्यांच्या आतच लागण होऊन गेलेली. आणि तीन-तीन लागणी झाल्यावरही मध्यम-तीव्र आजारापासूनचं संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबलेलं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. खरा, जिवंत, रानटी विषाणू तीनदा येऊन गेल्यावरही जे शरीर पुरतं शिकत नाही, ते लशीतल्या सौम्य विषाणूकडून तीन डोसांत सगळं शिकेल ही अपेक्षाच जास्त आहे. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. आईकडून आलेली प्रतिपिंडं लशीचा विषाणू वाढायच्या आधीच त्याला अडवतात. सततच्या छोट्या-मोठ्या संसर्गांनी आतड्याचं अस्तर सुजलेलं असतं. कुपोषण असतं. आणि आपल्याकडे विषाणूचा मारा लवकर होतो, वारंवार होतो.

मग निम्मीच चालणारी लस कशाला? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, सुरुवातीला माझाही चुकला होता. आफ्रिकेत एकच लस एकाच अभ्यासात दोन देशांत दिली गेली. दक्षिण आफ्रिकेत परिणामकारकता ७७ टक्के, मलावीत ४९. दक्षिण आफ्रिका जिंकली असं वाटतं ना? पण लस दिलेल्या दर शंभर बाळांमागे वर्षाला जोरदार आजाराच्या किती घटना टळल्या ते मोजलं, तर दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७. कारण मलावीत मुळात आजारच इतका होता की त्यातला निम्मा भाग दुसरीकडच्या पाऊण भागापेक्षा मोठा भरला. घरात दोन ठिकाणी गळत असेल आणि एकच बादली असेल तर ती आपण जिथे जास्त गळतंय तिथे ठेवतो. बादली अर्धीच धरते ही तक्रार नंतरची.

लस येण्यापूर्वी भारतात रोटामुळे दरवर्षी पाच वर्षांखालची अंदाजे ७८ हजार मुलं जात होती आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास दवाखान्यात भरती होत होती. जुलाबासाठी भरती होणाऱ्या दर दहा लहान मुलांत चार रोटाची. अमेरिकेतलाही लस रुळण्याआधीचा काळ घ्या. तिथे वर्षाला ५५ ते ७० हजार मुलं भरती व्हायची आणि मरण पावायची वीस ते साठ. आपल्याकडे तिथल्यापेक्षा सहा पट बाळं जन्मतात, म्हणून त्या साठाचे साडेतीनशे धरा. उरलेली हजारो मुलं विषाणूने नाही, अंतराने नेली. दवाखाना लांब, रात्र झालेली, अंगातलं पाणी संपलेलं.

फिल्टरच्या प्रश्नाचं उत्तरही या आकड्यांतच आहे. नळाचं पाणी थेट पिता येतं अशा देशातही जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत रोटा व्हायचाच. आजारी बाळाच्या एका ग्रॅम शीमध्ये अब्जावधी विषाणू असतात आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यातले शंभरसुद्धा पुरतात. ते हातावरून, खेळण्यावरून, पाळण्याच्या दांडीवरून, दुपट्यावरून जातात. फिल्टर ठेवाच, टायफॉइड आणि कावीळ अडवायला तो लागतोच. रोटा त्याला वळसा घालून येतो.

आता आतड्यात काय झालं ते सांगतो, म्हणजे दूध, सलाईन, औषधं हे सगळं आपोआप उलगडेल. आतड्याचं आतलं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, असंख्य बारीक लव असलेलं. रोटा त्या लवेच्या टोकावरच्या पेशी मारतो. पाणी शोषणाऱ्या त्याच. शिवाय तो एक विषारी प्रथिन सोडतो, त्याने आतडं उलट पाणी बाहेर टाकू लागतं. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप यांच्या गटाने आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला. चाकासारखा दिसला म्हणून पुढे लॅटिनमधल्या चाकावरून त्याचं नाव पडलं.

या विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. एकही नाही. तरी जुलाबाच्या बाळाच्या पिशवीत अँटिबायोटिकची बाटली निघतेच. जुलाब थांबवण्याची मोठ्यांची गोळी चुरून देणं तर धोक्याचं. त्याने आतडं लुळं पडतं, पोट फुगतं, पाणी आतच साचतं आणि बाहेरून वाटतं जुलाब थांबले. जायफळ जास्त उगाळून दिल्यावर गुंगलेली बाळंही मी पाहिली आहेत. मग ती गुंगी जायफळाची की पाणी कमी झाल्याची, हे रात्री दोन वाजता ओळखायचं काम आमच्याकडे येतं. आणि 'दात येतायत म्हणून जुलाब' हे वाक्य मी रोज ऐकतो. दात येण्याचं वय आणि रोटाचं वय एकच आहे, एवढाच त्यांचा संबंध.

एक मात्र निसर्गाने शाबूत ठेवलं आहे. एवढं नुकसान झालं तरी ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत ओढून घेण्याची वाट बऱ्यापैकी चालू राहते, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. सगळं ओआरएस या एका गोष्टीवर उभं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. सलाईन लावणारे हात नव्हते म्हणून आयांच्या हाती वाटी-चमचा आला. आजही चार सलाईनपेक्षा धीराने चमचा धरणारी एक आजी मला जास्त भरवशाची वाटते. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

ओआरएसमधल्या चुका ठरलेल्या आहेत. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठीच असतं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून उरलेलं घडी घालून ठेवायचं नाही, त्याने पाणी खारट होतं आणि बाळाच्या रक्तातलं मीठ वाढतं. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, अख्खं पाकीट त्यात टाका, चोवीस तासांनी उरेल ते ओता. साखर, सरबत, दूध काही मिसळायचं नाही. दुकानात खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ती फार आधी व्हायला हवी होती.

'पाजलं की उलटी करतो' ही पुढची तक्रार. बाटलीने घटाघटा पाजलं की करणारच. दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याने सुरू करा. हिशेब पाहा: आठ किलोच्या बाळाला पाणी कमी पडल्याची लक्षणं दिसत असतील, तर चार तासांत साधारण सहाशे मिलि ओआरएस जायला हवं, किलोमागे पंच्याहत्तर. म्हणजे दर दोन मिनिटांना एक छोटा चमचा. ऐकायला किरकोळ, करायला कंटाळवाणं, आणि म्हणूनच ते अर्ध्यावर सुटतं. हे दवाखान्यात आमच्या नजरेखाली करायचं. घरी, लक्षणं नसताना, प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिलि पुरे.

तुमच्या बाळाला सलाईन लागलं त्यात कुणाचं चुकलं असं मला तुमच्या वर्णनावरून दिसत नाही. पेंगणारं, पिऊ न शकणारं बाळ असेल तर चमचा हा उपाय नाही. डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, टाळू खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, सहा तासांत लघवी नाही, बाळ अधाशासारखं पाणी ओढतंय किंवा उलट प्यायचंच सोडून दिलंय, असं दिसलं की निघायचं. वाटेतही चमचा चालू ठेवायचा, गिळत असेल तर. 'टाळू पडली' म्हणून तेल भरत बसणाऱ्या घरांवर मी पूर्वी चिडायचो. आता चिडत नाही. त्यांना लक्षण अचूक दिसलेलं असतं, फक्त टाळू खोल जाण्याचं कारण माहीत नसतं.

दूध. अंगावरचं दूध एक वेळही बंद करायचं नाही. वरच्या दुधाबद्दल थोडं सांगायला हवं. दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य त्या लवेच्या टोकांवरच असतं आणि रोटा नेमकी तीच टोकं खातो. म्हणून काही बाळांना आठवडा-दोन आठवडे वरचं दूध प्यायल्यावर फेसाळ, आंबट शी होते, ढुंगण लाल होतं. अशा बाळाचं तेवढ्यापुरतं वरचं दूध कमी करून दही-भात, मुगाची पातळ खिचडी, केळं यावर भर द्यायचा. टोकं पुन्हा उगवतात, दूध पुन्हा पचतं. 'याला दुधाची ॲलर्जी आहे' असा शिक्का लागून वर्षभर महागड्या डब्यावर वाढलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यातल्या कित्येकांची सुरुवात अशाच एका जुलाबाच्या आठवड्यात झालेली असते. आणि नुसत्या पेजेवर ठेवू नका. आता पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

झिंकची बाटली दिली असेल. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि बाटली फडताळात जाते. ती बाहेर काढा, पूर्ण करा.

थोडं विषय सोडून. आमच्या भागात रोटाचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, फडाजवळ कोपी म्हणजे झोपड्या पडतात, पाणी टँकरचं किंवा पाटाचं. बाळाचं लसीकरण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं. सहाव्या आठवड्याचा डोस झालेला, दहाव्याच्या वेळी आई फडात. हात धुवायला पाणी नाही, आणि बाळ पेंगतंय हे मुकादमाने काम थांबवून गाडी दिली तरच आमच्यापर्यंत पोहोचतं. लस 'निम्मीच' चालते याचा राग यायचाच असेल तर मला इथे येतो. ज्या बाळाला सगळ्यात जास्त गरज, त्याचेच डोस सुटतात. कोणत्याही आरोग्य केंद्रात, कुठल्याही गावचं बाळ असलं तरी डोस मिळतो, हे आशाताई टोळीत जाऊन सांगतात तिथे फरक पडतो.

आता जाऊबाईंची मुलगी. ती आज सहा आठवड्यांची आहे, म्हणजे पहिल्या डोसची वेळ हीच. पुढचे डोस दहा आणि चौदा आठवड्यांना, पोलिओ आणि पेंटाव्हॅलंटच्या सोबतच. सरकारी केंद्रातला घ्या. खासगीतला घेतलात तर चूक नाही, पण सुरू केलेली लस शक्यतो तीच पूर्ण करा. डोसच्या आधी-नंतर अंगावर पाजणं थांबवायची गरज नाही.

लशीमुळे आतड्यात आतडं शिरण्याची भीती तुम्हाला कुणीतरी घातली असेल, म्हणून तेही सांगतो. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली रोटाची पहिली लस याच कारणाने १९९९ मध्ये मागे घेतली गेली. साधारण दहा हजार बाळांत एकाला तो त्रास झाला होता. आताच्या लशी वेगळ्या आहेत. आपल्याकडे रोटाव्हॅक कार्यक्रमात आल्यावर नेमकं हेच देशभरातल्या दवाखान्यांत तपासलं गेलं आणि लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. तरी लस असो-नसो, बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय, हिरवी उलटी किंवा लाल जेलीसारखी शी झाली, तर घरी थांबू नका.

तुमच्या बाळाच्या शीतून विषाणू अजून काही दिवस बाहेर पडत राहील, जुलाब थांबले असले तरी. घर एकच आहे. त्याचं दुपटं बदलल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तान्हीला उचलायचं नाही, दोघांची दुपटी वेगळी भिजवायची, त्याचं तोंडात घातलेलं खेळणं तिच्या पाळण्यात नको. केंद्रावर लसीकरणाचा वार कोणता ते आशाताईंना आजच विचारा. जाताना कार्ड न्या आणि सासूबाईंनाही सोबत न्या. डोस पाजताना बाळाला मांडीवर धरायला त्यांच्यासारखा सरावलेला हात लागतोच.